गडाच्या वाटेचं आगाऊ इतिवृत्त

कुठल्याही मंडळात पाच वर्षं काढा, किस्से जमवायला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. ट्रेकच्या बुटांना लागलेल्या चिखलासारखे ते आपल्याबरोबर घरी येतात आणि वाळले की कुठेही गळतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत. मैत्रिणी म्हणतात, "शर्वरी, तुझ्या म्हाताऱ्यांचं सांग ना!" म्हणून सांगते. आमच्या डोंगरवाट या ट्रेकिंग मंडळाचे हे म्हातारे. सगळे सज्जन, सगळे काटक, आणि मला बोलू न देण्यात सगळे पटाईत.

मी मंडळात आले तेव्हा नुकतीच इंजिनिअर होऊन एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला लागले होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळायचा. तेच काम मंडळात फुकट करायला लागले, आणि तिथून सगळं बिनसलं.

पहिल्याच महिन्यात आमचे चिटणीस प्रभाकरकाका, बँकेतून रिटायर झालेले, माझ्या हातात एक जाडजूड वही ठेवून म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे. आजपासून तू सहचिटणीस. सभेचं इतिवृत्त तू लिहायचं."

"सभा कधी आहे?"

"रविवारी. तेव्हा शनिवारपर्यंत लिहून ठेव."

मला वाटलं, काका चेष्टा करतायत. "सभा व्हायच्या आधीच?"

"सभेत काय होणार ते आपल्याला माहीत असतं. अध्यक्ष ठराव सांगतात, तो सर्वानुमते मंजूर होतो. मग तिथे बसून खरडायचं कशाला? आधी लिहायचं, सभेच्या शेवटी वाचायचं, अध्यक्षांनी सही करायची. आणि एकदा लिहिलं की खोडायचं नाही. बघ वही."

बघितली. अठ्ठावीस वर्षांची वही. एकही खाडाखोड नाही. एकही विरोधी मत नाही.

"पण काका, समजा कोणी..."

"हे विचारायचं नसतं," काका म्हणाले आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

*

नियम किती पक्का होता ते पुढच्याच सभेत कळलं.

आमच्या सभा कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये व्हायच्या. कोपऱ्यावरच्या टपरीतून चहा यायचा. म्हणून इतिवृत्ताची शेवटची ओळ कायमची ठरलेली: "चहापान होऊन सभा समाप्त झाली." मीही शनिवारी तशीच लिहिली.

त्या रविवारी टपरीवाला गावाला गेलेला! चहा आलाच नाही. काकांनी इतिवृत्त वाचलं आणि सहीसाठी वही अध्यक्षांपुढे सरकवली. आमचे अध्यक्ष भाऊसाहेब म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पेन उघडलं आणि थांबले.

"चहा कुठे झाला?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी ती ओळ खोडते ना."

हॉलमध्ये सगळे असे दचकले, जणू मी देवघरात चपला घालून शिरले होते. मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठले. "मला स्टेशन गाठायचंय हो, गाडी आहे माझी."

"सभा संपलेली नाही," भाऊसाहेब म्हणाले. "खाली बसा!"

ते बसले. भाऊसाहेबांनी खाली बस म्हटल्यावर बसला नाही असा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. शेवटी आमच्या खजिनदार लीलाताई चालत घरी गेल्या, पाऊण तासाने थर्मॉस घेऊन आल्या. प्रत्येकाला दोन घोट मिळाले. मग सही झाली.

काका मला म्हणाले, "बघ! लिहिलं होतं तसंच झालं की नाही?"

स्टेशनवाल्या गृहस्थांची गाडी चुकली. तेव्हापासून लीलाताई थर्मॉस घेतल्याशिवाय सभेला आल्या नाहीत.

*

आता वाटेचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या वाटेवरूनच झालं.

गड म्हणजे कुठला हे पुण्यात सांगावं लागत नाही. पायथ्याच्या वाडीपासून वर चढायची पाऊलवाट छान आहे. भानगड आहे ती त्या पायथ्यापर्यंत पोचण्याची. शेवटचा रस्ता अरुंद, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला बांध. मी अकोल्याहून पुण्यात शिकायला आले तेव्हा तिथे एखादी एसटी आणि सायकली दिसायच्या. मग पुण्यात पगार वाढले, हप्त्यावर गाड्या आल्या, आणि रविवार सकाळ म्हणजे त्या रस्त्यावर मोटारींची जत्रा. त्यात खाणीचे डंपर. आणि या सगळ्याच्या कडेला, अक्षरशः टायरच्या अंतरावर, सायकलवाले, चालणारे आणि वाडीतल्या दह्याच्या टोपल्या घेऊन गडावर जाणाऱ्या बायका.

एका रविवारी आमच्या डोळ्यांदेखत एका नव्या कोऱ्या मोटारीचा आरसा हिराबाईंच्या टोपलीला लागला. हिराबाई म्हणजे वाडीतल्या दहीवाल्या, पन्नाशीच्या, गडाची चढण आमच्या निम्म्या वेळात चढणाऱ्या. टोपली कलंडली, मडकी फुटली. त्या स्वतः ओढ्यात जाता जाता बांधाच्या दगडाला धरून राहिल्या.

मोटार थांबली. काच खाली झाली. आतला तरुण म्हणाला, "मावशी, रस्त्यावरून चालता कशाला?"

"मंग काय उडत जाऊ?"

"अहो, पण बाजूने तरी चाला. आम्हाला दिसत नाही!"

हिराबाई उठल्या. एक मडकं शाबूत होतं. ते उचललं, शांतपणे गाडीपुढे गेल्या आणि सगळं दही समोरच्या काचेवर ओतलं.

"आता बग," त्या म्हणाल्या. "आता खरंच दिसायचं न्हाय."

त्याच दिवशी गडावर बसून मंडळाने ठरवलं की मुख्य रस्त्यापासून पायथ्यापर्यंत एक वेगळी वाट करायची. चालणाऱ्यांची आणि सायकलींची, दोघांची मिळून. ठराव अर्थातच सर्वानुमते. उघड्यावर झालेली ती मंडळाची एकमेव सभा. तिचं इतिवृत्त मात्र नंतर लिहावं लागलं म्हणून काका आठवडाभर अस्वस्थ होते!

*

वाट करायची म्हणजे पैसा हवा. भाऊसाहेब म्हणाले, "सरकारकडे अर्ज करू." त्यांचा अर्जांवर फार विश्वास. अर्जाची पोच आली की त्यांना अर्धं काम झाल्यासारखं वाटायचं.

आम्ही एका कचेरीत गेलो. कुठली ते सांगत नाही, आत सगळ्या सारख्याच दिसतात. टेबलामागच्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"हे कुठल्या हेडखाली बसवू? सायकल असेल तर रस्ते. चालणारे असतील तर पदपथ. डोंगर म्हणजे वन. गड बघायला जाणार, म्हणजे पर्यटन. तुम्ही सगळंच एकत्र आणलंय."

"माणूस एकच असतो साहेब," मी म्हटलं. "तोच सायकलने येतो, तोच चालतो, तोच गड चढतो."

"मॅडम, फायलीत तो एकच माणूस चार ठिकाणी जातो. बरं, हा सायकलवाला मध्येच उतरून चालायला लागला, तर त्याचं काय करायचं?"

प्रभाकरकाकांनी खुर्ची पुढे ओढली. ते नम्रपणे म्हणाले, "आपण सध्या ते ठरवू नये. तो पडला की आरोग्य खात्याकडे देता येईल."

साहेब हसले. अर्ज ठेवून घेतला. पोच दिली. भाऊसाहेब ती पोच छातीशी धरून जिना उतरले. मला त्यांच्याकडे बघवेना. अशा पोचांची एक फाईल होती त्यांच्याकडे, आणि रस्त्यावर तेच डंपर होते.

*

मग ठरलं, वर्गणी गोळा करायची. भाऊसाहेबांचा एक शाळासोबती बुधवार पेठेत सायकलचं दुकान चालवायचा. "तो पहिली देणगी देईल," भाऊसाहेब म्हणाले. "आख्ख्या पुण्याला त्याने सायकलवर बसवलंय."

मी बरोबर गेले. दुकानात सायकल एकच होती, तीही उलटी टांगलेली. बाकी सगळे स्कूटरचे पार्ट. मित्राने सगळं ऐकून घेतलं. सायकलींचे दिवस, चढावर उतरून गप्पा मारत चालायचं, पंक्चर, कंदील. भाऊसाहेबांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"सगळं पटलं," मित्र म्हणाला. "एकच सांग भाऊ. आत्ता इथे कशावर आलास?"

भाऊसाहेबांनी हातातली स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

पावती फाडली नाही. नुसता चहा पिऊन आलो.

*

वाटेला पैसा नव्हता, पण जागा तरी हातात असावी म्हणून बांधाकडेची पट्टी मिळवायचं ठरलं. त्यातली मधली, सगळ्यात मोठी पट्टी हिराबाईंच्या शेताची. मंडळातले सगळे म्हणाले, बायकांशी बाईने बोललेलं बरं. म्हणून मी स्वारगेटहून बस पकडून एकटी वाडीत गेले.

हिराबाई दही लावत होत्या. मी नकाशा उलगडला. त्यांनी तो बघितलाही नाही.

"वाट कुनाची?"

"सगळ्यांची मावशी. सायकलवाल्यांची, आणि चालणाऱ्यांची. तुमची पण."

"टोपली घेऊन चालू देतील?"

"का नाही देणार? त्यासाठीच तर करतोय."

"बरं. लिहून दे."

त्यांनी मडक्यावर झाकण ठेवलं, हात पुसला आणि आतून मुलीची शाळेची वही आणली. मी लिहिलं: ही वाट चालणाऱ्यांसाठी कायम खुली राहील. खाली लिहिलं, डोंगरवाट मंडळाकरिता. हिराबाईंनी तो कागद मुलीकडून वाचून घेतला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे काट. तुजं नाव लिही."

"अहो, पण मंडळाच्या वतीने..."

"मंडळ मला कुटं घावनार? तू घावशील. दर ऐतवारी येतीस की."

मी 'मंडळाकरिता' खोडलं. माझं नाव लिहिलं, सही केली. आयुष्यात मंडळाच्या कामात केलेली ती माझी पहिली खाडाखोड! मग हिराबाईंनी मी नेलेल्या मंडळाच्या संमतीपत्रावर आपली सही केली, एकेक अक्षर दाबून. माझा कागद पत्र्याच्या डब्यात गेला. मला वाटीभर दही मिळालं.

बसमध्ये मी खूश होते. संमतीपत्र दोनदा उघडून पाहिलं.

*

आणि मग खरोखरच पैसा आला!

हिंजवडीतल्या एका कंपनीला समाजासाठी काहीतरी करायचं होतं. भाऊसाहेब, काका, लीलाताई आणि मी, चौघं गेलो. गेटवर आमचे फोटो काढून गळ्यात पास अडकवले. आत इतका एसी, की लीलाताईंनी पदर घट्ट लपेटून घेतला. कंपनीचे देशमाने साहेब पस्तिशीचे, हसरे, हातात लॅपटॉप. एवढे पैसे देतो म्हणाले की पूर्ण वाट होईल, दिव्यांसकट. भाऊसाहेबांनी पोचांची फाईल आपल्या पिशवीत सरकवली. 

देशमान्यांनी भिंतीवर चित्र दाखवलं. गुळगुळीत वाट, हेल्मेट घातलेले सायकलस्वार, दोन्ही बाजूंना लालभडक पानांची झाडं.

काका पुढे वाकले. "हे झाड आपल्याकडे कुठे आलं?"

"सर, ते इंडिकेटिव्ह आहे. नमुन्यादाखल."

मग अटी आल्या. दोन्ही टोकांना गेट. वीकेंडला कंपनीचे सायकल इव्हेंट. आणि वाट फक्त सायकलींची. "मिक्स्ड ट्रॅफिक म्हणजे सेफ्टी इश्यू. वॉकर्स नकोत. शिवाय डोक्यावर टोपल्या, हेड लोड वगैरे घेऊन लोक येणार, ब्रँडिंगला बरं दिसत नाही."

मी म्हटलं, "ते वॉकर्स नाहीत. ज्यांच्या जमिनीतून तुमची वाट जाते ती माणसं आहेत. झाडं इंडिकेटिव्ह ठेवलीत, तशी निदान माणसं तरी ठेवा चित्रात."

टेबलाखाली काकांचा बूट माझ्या घोट्यावर बसला. ट्रेकचा बूट होता.

देशमाने हसतच होते. "आमच्या लीगलची एकच रिक्वायरमेंट आहे. तुमच्या मंडळाचा ठराव हवा, आणि तो एकमताने झालेला हवा. पुढे वाद नकोत."

भाऊसाहेब अभिमानाने म्हणाले, "आमच्याकडे दुसरा प्रकारच नाही!"

*

येताना रिक्षात मीच विषय काढला.  मी हिराबाईंना लिहून दिलंय, माझ्या सहीने दिलंय, हे सांगितलं.

"तुला कोणी सांगितलं होतं सही करायला?" भाऊसाहेब म्हणाले.

"तुम्ही. बायकांशी बाईने बोलायला."

"शर्वरी, तुमच्याकडे अकोल्याला भांडून ठरवत असतील. इथे आधी काम होऊ देतात. एकदा वाट झाली की चालणाऱ्यांचं बघू."

"गेटला कुलूप लागल्यावर काय बघणार भाऊसाहेब? कुलूप?"

लीलाताई माझ्या शेजारी होत्या. त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "माझ्या पुतण्याच्या पायात रॉड आहे. त्याच रस्त्यावर सायकलवरून उडवलं त्याला. मला कोणाचं ब्रँडिंग नको, काही नको. निम्मी माणसं तरी त्या रस्त्यावरून बाजूला होतील, एवढं मला पुरे आहे."

  मी म्हटलं, "आणि उरलेली निम्मी?"

काका रिक्षावाल्याला म्हणाले, "जरा हळू घ्या हो."

*

सभेच्या आधीच्या रविवारी मी मुद्दाम गडावर गेले. हिराबाईंना सगळं खरं सांगून टाकायचं होतं. वाक्यं पाठ करून गेले होते.

रस्त्याला लागले आणि पाय थांबले. हिराबाईंच्या शेताचा बांध जागेवर नव्हता! सगळे दगड उचलून हात-दीड हात आत नेऊन रचले होते, अगदी ओळीत. बाहेर मोकळी, सारखी केलेली माती. आणि त्या मातीवरून हिराबाई टोपली घेऊन चालत येत होत्या. शेजारून डंपर गेला. त्यांनी त्याच्याकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

"मावशी, हे कधी केलंत?"

"धा-बारा दिस लागलं. मी आन् लेक. म्हनलं, तुमी याच्या आदी आपली बाजू तयार पायजे." त्यांनी टोपली खाली ठेवली. "बाकीची वाट कवा व्हनार?"

पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना.

"पुढच्या रविवारी सभा आहे," मी म्हटलं.

"मंग झालंच म्हनायचं," हिराबाई म्हणाल्या आणि मला दही दिलं. पैसे घेतले नाहीत. 

*

शुक्रवारी ऑफिसात फोन आला. भाऊसाहेब.

"लिहून घे. ठराव क्रमांक चार. गडाच्या पायथ्यापर्यंतची वाट कंपनीच्या अटींवर करावी, आणि जमिनीची संमतीपत्रं कंपनीच्या स्वाधीन करावीत. सर्वानुमते मंजूर. लिहिलंस?"

"भाऊसाहेब, माझं मत..."

"सभेत मत मांडायची आपल्याकडे पद्धत नाही. इतक्या वर्षांत कोणी मांडलेलं नाही. वहीत नसलेली गोष्ट सभेत होत नाही, हे तुला माहीत आहे."

"हो," मी म्हटलं. "ते माहीत आहे."

शनिवारी वही उघडली. अक्षर चांगलं येईना म्हणून तीनदा कोऱ्या कागदावर लिहून बघितलं. मग वहीत उतरवलं. एकही खाडाखोड नाही.

रविवारी हॉल भरलेला. देशमाने साहेब पहिल्या रांगेत, मांडीवर कराराची फाईल. भाऊसाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. लीलाताईंनी थर्मॉस टेबलावर ठेवला, कप मांडले. ठराव एक, दोन, तीन नेहमीसारखे सरकले. चौथा भाऊसाहेबांनी वाचून दाखवला, "सर्वानुमते" म्हणाले आणि कोणी टाळ्या वाजवल्या. देशमान्यांनी घड्याळ बघितलं.

"आता इतिवृत्ताचं वाचन," काका म्हणाले आणि वहीसाठी माझ्याकडे हात केला.

"आज मी वाचते काका. घसा बसलाय तुमचा."

काकांचा घसा ठणठणीत होता. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं आणि हात मागे घेतला. का घेतला, ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही.

मी उभी राहिले. ठराव एक, दोन, तीन वाचले.  वही दोन्ही हातांनी धरली.

"ठराव क्रमांक चार," मी वाचलं. "अध्यक्षांनी कंपनीच्या अटींचा ठराव मांडला. हिराबाईंनी जमीन चालणाऱ्यांच्या वाटेसाठी दिली आहे, त्यांना लेखी शब्द दिला आहे, आणि चालणाऱ्यांना बंद असलेल्या वाटेसाठी त्यांचे संमतीपत्र आपण देणार नाही, असे सांगून सहचिटणीस शर्वरी यांनी ठरावाला विरोध केला."

देशमान्यांचं हसू पहिल्यांदा गेलं. भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

"शर्वरी! खाली बस!"

मी वहीतून मान वर केली नाही.

"अध्यक्षांनी त्यांना खाली बसण्यास सांगितले," मी वाचलं. "त्या बसल्या नाहीत."

मागे कोणाची तरी खुर्ची कुरकुरली आणि थांबली.

"त्यानंतर सभेत कोणीही काही बोलले नाही."

मी वही मिटली नाही. उघडीच भाऊसाहेबांपुढे ठेवली, वर पेन ठेवलं. भाऊसाहेबांनी ओळींवरून बोट फिरवलं, शेवटच्या ओळीपर्यंत आले आणि बोट तिथेच राहिलं. लीलाताईंचा हात सवयीने थर्मॉसकडे गेला. त्यांनी वहीकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"चहापान होऊन सभा समाप्त झाली" ही ओळ मी लिहिलीच नव्हती.